टाचेची खूण

ओवीचे केस विंचरता विंचरता तिच्या मानेपाशी आंबेहळदीचा वास आला आणि प्राचीचा हात फणीसकट तिथल्या तिथे थांबला. परळच्या त्यांच्या घरात आंबेहळद नव्हती. सासूबाईंनी एकदा मालवणहून आणली होती, तीही प्राचीने कामवालीला देऊन टाकली होती आणि विचारल्यावर हरवली म्हणून सांगितलं होतं. तिने ओवीच्या टीशर्टचा गळा बाजूला ओढला. गळ्याच्या हाडावर वाळून भेगाळलेला पिवळा लेप, आणि त्याच्याखाली लिंबाएवढं काळंनिळं. काय झालं गं, असं तिने विचारलं. "पडले," ओवी म्हणाली. उत्तर इतकं तयार होतं की आंधळ्यालाही कळलं असतं. पडून का कोणाला गळ्याच्या हाडावर गोल लागतं? अकरा वर्षांच्या पोरीला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण हे खोटं तिचं नव्हतं. प्राचीने ते सुरासकट ओळखलं. लहानपणी शाळेत बाईंनी विचारलं की ती स्वतः हेच म्हणायची, आणि म्हणायला शिकवणारी तिची आई, सुमती विजयकर, सहाणेवर आंबेहळद उगाळता उगाळता सांगायची, पपांचा हात जड आहे गं, मन नाही. मन नाही म्हणे. मनाचं वजन कोणी केलं होतं?

म्हणजे पपांनी ओवीलाही आपल्या सर्व्हिससमोर उभं केलं होतं. शाळा सुटल्यावर ओवी गिरगावात आजीआजोबांकडे असायची, प्राची आणि राहुल ऑफिसातून येईपर्यंत. दोघांच्या नोकऱ्या, दुसरं करणार काय. तिथे ती अभ्यास करते, आजीच्या हातचं खाते आणि आजोबांबरोबर समुद्रावर फिरायला जाते, असा समज होता. समुद्रावर नाही, जिमखान्यात. कमलाकांत विजयकरांचा जिमखाना, तिथलं मुंबईत मोजक्या ठिकाणी उरलेलं हिरवळीचं टेनिस कोर्ट, आणि त्या कोर्टावर पपांची सर्व्हिस. अडुसष्टाव्या वर्षीही उंचापुरा माणूस, खांद्यात अजून घोडा बांधलेला. मातीवर चेंडू पडला तर उसळी घेतो, माणसाला श्वास घ्यायला वेळ देतो. हिरवळ तसलं काही देत नाही. चेंडू गवतावर टेकतो आणि घसरत, फुरफुरत, घोट्याशी येतो, नाहीतर गवताच्या एखाद्या उंचवट्यावर आपटून अंगावर. प्राची दहा वर्षांची असताना पपांना सर्व्हिसच्या सरावाला समोर कोणीतरी हवं होतं. सरावाला समोर खेळणाऱ्या पगारी मार्करला पैसे पडायचे, मुलगी घरचीच होती. बेसलाइनच्या चांगलं मागे, जवळजवळ मेंदीच्या कुंपणाशी, ते बुटाची टाच गवतात रुतवून खूण करायचे आणि म्हणायचे, इथे उभी राहा, हलायचं नाही. ती उभी राहायची. कॉलेजात जाईपर्यंत उभी राहिली. स्वतः सर्व्हिस कशी करायची ते तिला कोणी शिकवलंच नाही. चेंडू नेहमी त्यांच्या हातात असायचा.

आणि हे नुसतं टेनिसचं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण प्राचीला जन्मात कधी स्वतःहून पहिला शब्द काढता आला नाही. ती विमा कंपनीत तक्रारींना उत्तरं देणारा विभाग सांभाळत होती आणि फार चांगला सांभाळत होती. लोक फोनवर आगपाखड करायचे, ती शांतपणे परतवायची, साहेब म्हणायचे तुझ्यासारखी बाई मिळायची नाही. पण स्वतःहून कोणाला फोन करायचा म्हटलं की तळहाताला घाम. लग्नाचंही राहुलनेच विचारलं. लालबागचा मुलगा, वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते, आता तो स्वतः गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहत होता आणि याची त्याला फार गंमत वाटायची. तिने घरी सांगितलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर पपांनी खालच्या ओठावरून जीभ फिरवली. ती तेवढ्यातच समजली, आता येतंय. ते म्हणाले, भोंग्यावर उठणाऱ्यांच्या घरात तू सकाळी करणार काय? झालं. ताटातल्या कोलंबीच्या भुजण्याकडे बघत ती बसून राहिली. याचं चोख उत्तर तिला सुचलं ते चौथ्या दिवशी, आंघोळीच्या वेळी, अंगावर तांब्या ओतताना. नळाला ऐकवलं तिने ते.

पपांचा फोन त्याच संध्याकाळी आला, आणि आला म्हणून तरी तिला बोलता आलं. ओवीला दसऱ्याला पांढरा स्कर्ट घालून आण, असा हुकूम होता. पावसाळाभर झाकलेलं हिरवळीचं कोर्ट जिमखान्यात दसऱ्याच्या सकाळी उघडायचं. व्हरांड्यातल्या टेबलावर रॅकेटी मांडायच्या, झेंडू वाहायचा, हळदकुंकू लावायचं, आणि मग मानाचा सेट. खेळणाऱ्यांत जो वयाने सर्वांत मोठा त्याने अख्खा सेट एकाच बाजूने, एकट्यानेच सर्व्हिस करायची, समोरचा त्याने निवडायचा. हरला त्याने आधी आपट्याचं पान द्यायचं, आणि जिंकेल त्याच्या हातात पुढच्या खेळाची सर्व्हिस. सात वर्षं तो मान पपांकडे होता. लोक पाहुणचार केल्यासारखे हरायचे, पान द्यायचे, पाया पडायचे, आणि पपा दमेपर्यंत पुढची सर्व्हिसही त्यांचीच. या वर्षी त्यांनी नात निवडली होती. सगळ्यांना बघू दे, ते म्हणाले, पोर घाबरत नाही. अंगावर चेंडू घेतला पण जागा सोडली नाही. म्हणजे लपवायचंही नव्हतं त्यांना. लपवणं आईचं खातं.

प्राचीच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण आवाज निघाला तो तक्रार विभागातला. ओवी नाही, मी उभी राहते, असं ती म्हणाली. पलीकडून हसणं आलं. तू? गुडघा तुझा कुरकुरतो, रॅकेट कधी धरली होतीस ते तरी आठवतं का?

"मी सेट घेतला तर ओवी तुमच्या सर्व्हिससमोर पुन्हा कधी उभी राहणार नाही," प्राची म्हणाली.

"आणि मी घेतला तर रोज. सकाळी शाळेच्या आधी. आणि तू हूं की चूं करायचं नाहीस."

ती ठीक आहे म्हणाली. राहुलला सांगितलं तेव्हा तो ऑम्लेट उलटत होता, त्याने गॅस बंद केला. वेडी आहेस का, तो म्हणाला, नको पाठवूस, एवढं सिंपल आहे, पोर आपली आहे, त्यात मॅच कसली खेळतेस? तो बरोबर होता. पूर्ण बरोबर होता आणि म्हणूनच त्याचा राग आला. कारण नको पाठवूस म्हणणं म्हणजे चेंडू आपण वर फेकायचा, सगळ्यांदेखत, आणि तो कुठे पडेल याची जबाबदारी घ्यायची. ते तिला येत नव्हतं. तिला फक्त परतवता येत होतं, आणि पोटच्या पोरीला पणाला लावून का होईना, जे येतं तेच ती करायला निघाली होती.

दसऱ्याला सकाळी हिरवळीवर दव होतं. नव्या कापलेल्या गवताचा वास अगदी शाळेच्या दिवसांतला होता. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, पांढऱ्या कपड्यातले म्हातारे, चहा. आई ओवीला शेजारी घेऊन बसली होती, मांडीवर आपट्याच्या पानांची पिशवी. हितेंद्रकाका, पपांचे डबल्सचे जुने जोडीदार, पंचाच्या उंच खुर्चीवर चढले होते आणि वरून म्हणत होते की विजयकरांच्या घरचा सामना म्हणजे भांडण होणारच, हा हा. पपा प्राचीच्या बाजूला चालत आले. तिला वाटलं काहीतरी बोलतील. ते बेसलाइन ओलांडून मागे गेले, मेंदीच्या कुंपणाशी थांबले आणि बुटाची टाच ओल्या गवतात फिरवून रुतवली. मग तिच्याकडे न बघताच परत गेले. आणि ती, बेचाळीस वर्षांची बाई, हाताखाली तीस माणसं असलेली, जाऊन त्या खुणेवर उभी राहिली. पायच तिथे गेले. डोक्याला कोणी विचारलं नाही.

पहिले तीन गेम्स गेले ते बघता बघता. चेंडू येताना दिसायचा, पण तिच्यापर्यंत पोचेपर्यंत एक तर घोट्याखाली मेलेला असायचा, नाहीतर बाजूला इतका लांब गेलेला की नुसतं हात पसरून बघायचं. टाळ्या पडत होत्या. गुडघा बोलायला लागला होता. प्रत्येक वेळी पपा ओठावरून जीभ फिरवायचे आणि तिला नेमकं कळायचं की आता जोराचा येणार, बाहेरच्या बाजूला येणार. कळायचं आणि उपयोग शून्य. जेवणाच्या टेबलावरही असंच होतं, येतंय हे सगळ्यात आधी तिलाच कळायचं. तिला आठवलं ते सोळाव्या वर्षीचं. एकदाच, चुकून, त्या खुणेवरून दोन पावलं पुढे सरकलेली असताना तिने मारलेला चेंडू पपांच्या बाजूने सुळकन निघून गेला होता. नशीब, ते म्हणाले होते, आणि दिवाळी संपेपर्यंत तिच्याशी बोलले नव्हते. पपांची माफी माग गं, सणासुदीचं घर बंद पडलंय, असं आईने दाराआड सांगितलं आणि तिने माफी मागितली होती. चेंडू परतवल्याबद्दल माफी. जगात आणखी कोणी मागितली असेल?

दोन पावलं पुढे. प्राची वाकलेली होती, रॅकेट समोर धरलेली, आणि तिची नजर पायाखालच्या त्या रुतलेल्या अर्धचंद्राकडे गेली. हिरवळीवर इतक्या मागे उभं कोण राहतं? कोणीही नाही. टीव्हीवर तिने इतक्या मॅचेस बघितल्या होत्या, हिरवळीवरचे चांगले परतवणारे बेसलाइनला चिकटून उभे असतात, कधी तर आतच. जितकं मागे जाल तितका चेंडू खाली बसतो आणि तितका बाहेर पळतो. हे पपांना ठाऊक नव्हतं? पन्नास वर्षं खेळलेल्या माणसाला? ती जागा तिला शिकवण्यासाठी नव्हतीच. ती जागा त्यांची सर्व्हिस तोफेसारखी दिसावी म्हणून होती. पोरगी कुंपणाशी उभी, चेंडू हाताला लागत नाही, आणि व्हरांड्यातून वाहवा. एवढ्यासाठी तिची सगळी वर्षं गेली. एवढ्यासाठी आंबेहळद. आणि आता तिथेच, तशीच टाच रुतवून, त्यांनी ओवीला उभं केलं होतं.

ती पुढे आली. खुणेवरून बेसलाइनवर, आणि तिथून आणखी एक पाऊल आत. पपांनी चेंडू आपटायचा थांबवला. मागे हो, लागेल, ते म्हणाले. ती हलली नाही. पहिला चेंडू रॅकेटच्या चौकटीवर आदळला आणि मनगटापासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. दुसरा बरा लागला. हात मागे नेऊन जोरात मारायला वेळच नव्हता, आणि मग तिच्या ध्यानात आलं की तो लागतही नाही. जोर तिच्याकडे असायची गरजच काय? जोर पपांनी आणलेलाच होता. मनगट घट्ट, रॅकेट नुसती मध्ये धरायची, चेंडू वर उठता उठताच घ्यायचा, आणि तो त्यांच्या पायांशी जाऊ द्यायचा. ते सवयीने सर्व्हिस करून नेटकडे धावायचे, दोन पावलं टाकतात न टाकतात तोच चेंडू बुटाशी हजर. वाकायला हवं होतं. वाकायची सवय त्या कमरेला नव्हती. चेंडू नेटमध्ये गेला, पुढचाही गेला. जितकं जोरात त्यांनी मारलं तितकं लवकर ते त्यांच्याकडे परत आलं. जीभ ओठावर फिरली की ती बाहेरच्या बाजूला आधीच झुकलेली असायची. इतकी वर्षं भीतीने पाठ केलेलं ते तोंड तिला आता धड्यासारखं वाचता येत होतं.

गेम्स बरोबरीत आले. हितेंद्रकाकांचं हा हा बंद झालं होतं. आणि तिला जे दिसलं ते तिने याआधी कधीच पाहिलं नव्हतं. पपांना दुसरा फटका येतच नव्हता. ज्याचं सगळं पहिल्या तडाख्यात आटपतं त्याला पुढचं शिकायची वेळ येते कशाला? घरीही तेच. ते एक बोलायचे आणि पुढे कोणी काही बोलायचंच नाही, मग त्यांना पुढचं वाक्य तरी कुठून ठाऊक असणार. परत आलेल्या चेंडूकडे ते असे बघत होते, जणू घरातल्या खुर्चीने उलट उत्तर दिलं. मग त्यांनी जोर वाढवला. सर्व्हिस चौकटीबाहेर जायला लागली. एकदा बाहेर, दोनदा बाहेर, पॉइंट तिचा. पाय ओढत ते रेषेकडे परतायचे तेव्हा शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग दिसायचा. दया यावी असं ते दृश्य होतं. तिने आत शोधून पाहिलं, दया नव्हती.

शेवटच्या पॉइंटला पहिली सर्व्हिस नेटमध्ये गेली आणि दुसरी आली ती अगदी गरीब, हळू, कमरेइतकी वर. मनात येईल तिथे मारता आली असती. सगळं कोर्ट मोकळं होतं. पपांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं आणि तिथे गळ्याचं हाड दिसत होतं. तिने तिथे मारलं. ठरवून, अंगातला सगळा जोर काढून. पपांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि खाली बसले. चेंडू त्यांच्या खांद्यावरून गेला आणि मागे बेसलाइनवर पडला, चुन्याची बारीक धूळ उडाली. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

मग तिने व्हरांड्याकडे पाहिलं. ओवी खुर्चीतून उठून पायरीवर आली होती. गुडघे वाकलेले, टाचा उचललेल्या, दोन्ही हात पोटासमोर, नसलेली रॅकेट धरून. डोळे मोठे. खांदा गळ्याकडे ओढून घेतलेला. सेट संपला होता तरी ती तशीच उभी होती, पुढच्या सर्व्हिसची वाट बघत. सबंध सेटभर ती अशीच उभी असणार. प्राची जिंकली होती, आणि पोर उभं राहायला शिकत होती.

पपा उठले, गुडघे झटकले. नेटपाशी येईपर्यंत त्यांचा चेहरा पुन्हा जागेवर बसला होता. त्यांनी हितेंद्रकाकांकडे बघून हात पसरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय? कोणी शिकवलं हिला?" व्हरांड्यात हशा, टाळ्या. म्हातारे सुटल्यासारखे हसले. आता पुढच्या दसऱ्याला नात बघा, पपा म्हणाले, ही काहीच नाही, तिला मी हिच्याहून चांगली तयार करतो. फोनवर झालेला सौदा गेला समुद्रात. पान आधी त्यांनी द्यायचं होतं, पण एक पाऊल पुढे करून ते थांबले, तिने वाकावं म्हणून. आई पानांची पिशवी घेऊन लगबगीने आली आणि कुजबुजली, पड गं पाया, सण आहे.

"तुम्ही मला मागे उभं राहायला शिकवलंत," प्राची म्हणाली.

पपांची जीभ ओठावर फिरली. प्राची वाट बघत राहिली. काहीच आलं नाही.

तिने हितेंद्रकाकांना विचारलं, पुढची सर्व्हिस कोणाची? काका खुर्चीवर चुळबुळले. रिवाज म्हणजे रिवाज, शेवटी म्हणाले, जिंकली तिची. प्राचीने ओवीला हाक मारली. ओवी आली, पायांकडे बघत. प्राचीने तिला पपांच्या बाजूला, सर्व्हिसच्या रेषेवर नेऊन उभं केलं, स्वतःची रॅकेट दिली, आणि एक चेंडू तिच्या हातात, एक खिशात दिला. मला सर्व्हिस येत नाही, ओवी म्हणाली, आजोबांनी नाही शिकवली. मलाही येत नाही, प्राची म्हणाली, वर फेक आणि मार. मग ती स्वतः कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला चालत गेली, बेसलाइन ओलांडून, मेंदीच्या कुंपणापर्यंत. तिथे जुनी खूण अजून ओली होती. तिने त्यावर टाच ठेवली आणि फिरवून, दाबून, खोल रुतवली.

"पपा," ती म्हणाली, "इथे."

प्राची, पुरे आता, आई म्हणाली. व्हरांड्यातले सगळे बघत होते, आणि सगळ्यांसमोर नाही म्हणायचं तर त्यासाठीही दुसरं वाक्य लागतं. कमलाकांत विजयकर चालत आले. खुणेपाशी थांबले, पाय कसे ठेवावेत हे न कळून त्यांनी ते दोनदा बदलले आणि रॅकेट समोर धरली. प्राची ओवीजवळ परतली.

ओवीने चेंडू वर फेकला, फार वाकडा, आणि तो नेटमध्ये जाऊन पडला. तिने लगेच मान आत ओढली आणि प्राचीकडे पाहिलं.

"दुसरा घे," प्राची म्हणाली.

ओवीने खिशातून दुसरा चेंडू काढला, हातावर फिरवला. घाई केली नाही. पलीकडे, लांब कुंपणाशी, आजोबा वाकून उभे होते, आणि त्यांना वाट बघावी लागत होती.